पावणेदोन मणांचा माणूस

काटा बिघडला आहे, असं मी म्हणालो आणि आर्वीच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात सगळ्यांनी ते खरं मानलं. का मानू नये? वीस हंगाम मी कापूस तोलतो आहे. काट्याची जीभ तीळभर कलली तरी माझ्या डोळ्याला दिसते, आणि दिसली की मी तोल पुन्हा घेतो, मग समोर व्यापारी असो की कास्तकार. दिवाळी संपली की हंगामाचा मुहूर्त आणि मुहूर्ताच्या आदल्या दिवशी काट्याची परीक्षा, ही आमच्याकडची रीत. एका पारड्यात मापारी मांडी घालून बसतो, दुसऱ्यात वजनं टाकतात. मापाऱ्याचं वजन सगळ्यांना पाठ असतं. मी नवा होतो तेव्हा चंद्रभान म्हणजे पावणेदोन मण, यात कुणाला शंका नव्हती. हमाल मला गमतीनं 'शिक्क्याचं वजन' म्हणत. गेली सात-आठ वर्षं तानबा बसत आला. तानबा माझा जोडीदार, बारमाही वाळलेला, नागपंचमीला खाल्लेलं दिवाळीपर्यंत पुरवणारा. यंदा दिवाळीतच त्याचा गुडघा धरला म्हणून मी बसलो. तानबानं समोर पावणेदोन मण टाकले. माझं पारडं जमिनीवरच. त्यानं पाच शेर टाकले. मग आणखी पाच. "काऊन गा चंद्रभान, पाय त नाई टेकवले खाली?" तो म्हणाला. "मांडी घालून बसलो ना बे, पाय कोठून टेकवू?" मी म्हणालो. दोन मण आठ शेर झाले तेव्हा माझ्याखालची जमीन सुटली. मी शांतपणे उतरलो, धोतर झटकलं आणि म्हणालो, काटा बिघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलगावहून येणाऱ्या लहान आगगाडीनं बंडूजी मिस्त्री आले. सोबत सरकारी शिक्क्याच्या वजनांची पेटी. त्यांनी दांडी पुसली, साखळ्या मोजल्या, पेटीतली वजनं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे केली, आणि चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे नीट बघितलं. "काट्यात काई खराबी नाई जी," ते म्हणाले. "जे काई वाढलं ते काट्याच्या भायेर वाढलं." हमाल हसले. तानबा हसता हसता दुखरा गुडघा धरून खाली बसला. त्या वर्षी नवे पैसे चालू झाले होते आणि वजनंही बदलणार अशी हवा होती, बंडूजींनी जाता जाता सांगितलं, "पुढं किलो येऊन राह्यले मनते. त्यात तुमी ब्याऐंशी भराल." मीही हसलो. हसताना पोट हललं आणि ते हललेलं मला पहिल्यांदा कळलं. रोज दीडशे गाड्यांचा माल मी बोटावर सांगतो, ओला कापूस कोणता आणि कोरडा कोणता हे हात लावण्याआधी ओळखतो, आणि स्वतःच्या धोतराच्या गाठीआड अठरा शेर माल कधी येऊन पडला त्याचा मला पत्ता नाही. काट्याला खोटं ठरवायलाही मी मागंपुढं पाहिलं नाही. याची मला खरोखर लाज वाटली.

घरी जाताना मी दिवाळी आठवत गेलो. चिवड्याचा डबा, शेवेचा डबा, करंज्यांची परात. सुलोचना, म्हणजे माझी बायको, सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळायला बसली की मी चुलीजवळ पाटावर बसून घाण्यातली गरम वडी थेट तोंडात टाकत असे. या हातावरून त्या हातावर नाचवत, फुंकर घालत. भाऊबीजेला बहिणीकडे पुरणपोळी, तिच्यावर तुपाची वाटी उपडी. तरी हे आठ दिवसांचं. अठरा शेर आठ दिवसांत येत नाहीत, ते कापसाच्या धुळीसारखे बसत जातात. सुलोचनाला मी सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग एकाएकी गंभीर होऊन म्हणाली, "अजी, मंग नवसाचं कसं? सात सालाचे होते तवा फेडला असता त वीस शेरात भागलं असतं. आता दरसाल गूळ वाढूनच राह्यला."

नवस माझ्या मायनं केला होता. मी सात वर्षांचा असताना मुदतीच्या तापात एकवीस दिवस पडलो होतो. त्यातलं मला एवढंच आठवतं: मी मायच्या खांद्यावर आहे, ती नदीच्या वाळूतून चालते आहे, तिची पाठ ओली आहे आणि माझे पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे लोंबताहेत. तिच्या माहेरी, खडकीला, पिंपळाखाली मारुती आहे. तिथं मला ओट्यावर ठेवून ती म्हणाली होती, "माया पोट्टा उठून चालला त त्याले गुळात तोलीन." मी उठून चाललो. त्याला छत्तीस वर्षं झाली. माय दरसाल म्हणायची, पुढच्या साली. एका साली पाऊस नव्हता, एका साली लग्न होतं, एका साली काहीच नव्हतं तरी पुढच्या साली. आमच्या घराण्याला तुला नवी नव्हती. बापाच्या नावाचाही असाच एक जुना नवस होता आणि तो आजीनं थाटात फेडला होता. मी तेव्हा दहा वर्षांचा. बाप पारड्यात बसला होता, मिशीत हसत होता, पारडं वर गेलं तेव्हा त्यानं मला हात केला आणि मी इतका गूळ खाल्ला की रात्रभर पाणी पीत होतो. बापाचीही काया अशीच भरलेली. पंचेचाळिसाव्या वर्षी तो बसल्या जागी गेला, हातातला पानाचा विडा हातातच. आणि मी त्रेचाळीस पुरे केले होते.

ही शेवटची गोष्ट मी सुलोचनाला बोललो नाही, तीही नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातात धुतलेली रिकामी बाटली दिली आणि दवाखान्यात पाठवलं. बाटली घरून न्यायची, लाल औषध भरून आणायचं. डॉक्टरांनी नळी छातीला लावली, दोन जिने चढायला लावले, पुन्हा नळी लावली. माझा भाता झाला होता. मी बाटली पुढं केली तर त्यांनी ती मागं सारली. "याच्यावर औषध नाही, मापारीजी. उपास करू नका, अंगारे-धुपारे करू नका. तळलेलं बंद, गोड सणापुरतं, रात्रीचं जेवण अर्धं. आणि रोज सकाळी तीन मैल चाला, झपझप." मी म्हटलं, एवढंच? ते म्हणाले, "एवढंच. पण रोज." रिकामी बाटली हलवत मी परत आलो तेव्हा मला फसवल्यासारखं वाटत होतं. कडू का असेना, काहीतरी घ्यावं आणि सुटावं, असा आपला स्वभाव. 'रोज' हे औषध पहिल्यांदाच कुणी दिलं होतं. त्या संध्याकाळी मी जाहीर केलं की येत्या हनुमान जयंतीला नवस फेडायचा, आणि तोवर मी गुळाचा खर्च कमी करून दाखवतो. सुलोचना म्हणाली, "पाहू." माय तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

चालायला मी लहान गाडीचा रूळ धरला. गावातून चाललं तर दर घरी 'काऊन जी, कोठं निंगाले?' याला उत्तर द्यावं लागतं. रुळाच्या कडेनं कुणी विचारत नाही. कार्तिकातली सकाळ, दोन्ही अंगांना वेचणीला आलेली कपाशीची पऱ्हाटी, अंगावर पांघरलेली घोंगडी अर्ध्या मैलावर खांद्यावर आणि मैलावर काखेत. मी रुळाखालच्या लाकडी पट्ट्या मोजत चालायचो. आमच्या धंद्यात 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार. वीस वर्षांची सवय, त्यामुळं माझी सकाळही लाभापासून सुरू व्हायची. पहिले आठ दिवस पोटऱ्या विव्हळत होत्या. पंधराव्या दिवशी मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. मी मोजत होतो खरा, पण मन भलतीकडेच होतं. शाळेतला दगडी पाट्यांचा वास, पहिल्या पगाराचं कापड, सुलोचना नवीन नवीन असताना दाराआडून कशी बघायची ते. इतकी वर्षं हे सगळं कुठं होतं? बाजारात मी दिवसभर आकडे ओरडत असतो, त्या आवाजात ते दबून बसलं असावं. गाडी समोरून यायची, धापा टाकत, माझ्याहून फार वेगानं नव्हे. ड्रायव्हर चंची सोडता सोडता विचारायचा, "आज किती उतरलं?" मी बोटं दाखवायचो. त्याला शेर वाटत, मी पाव सांगत असे.

जेवणात मी एक नियम केला: ताटात लाभावर थांबायचं. एक भाकर, तिच्यासोबत अंबाडीची किंवा चवळीची भाजी पोटभर, वरण बिनफोडणीचं, वाटीभर ताक. दुसरी भाकर हवी असेल तर आधी एक गाणं म्हणायचं आणि मग मागायची. बहुतेक वेळा गाणं संपेतो भूक संपलेली असे, नाहीतर सुलोचनाचा धीर. गंमत अशी की पहिल्या महिन्यात मी जवळजवळ काहीच उतरलो नाही. तानबा दर गुरुवारी, हमालांची जेवणाची सुट्टी झाली की, मला पारड्यात बसवायचा. दोन मण सात शेर. पुन्हा दोन मण सात शेर. मी हिरमुसलो. मग एके दिवशी नेहमीची भाकर मोडताना बोटांना काहीतरी ओलसर लागलं. भाकरीचा पापुद्रा उचलून बघितला तर आत तूप, चांगलं दोन चमचे, सारवल्यासारखं. मी मायकडे बघितलं. माय भिंतीकडे बघत होती. "माय, हे काय वं?" "भाकर कोरडी लागत होती." "आणि ताकात साय?" "ते मायं काम नोहे, ते म्हशीचं." मी रागावणार होतो, पण तिचा चेहरा बघून राग जिरला. आपण चोरी केली असं तिला वाटतच नव्हतं. उलट माझ्याकडेच ती चोरी पकडल्यासारखी बघत होती. "तुये गाल बसले," ती म्हणाली. "हात पाह्य, कसा दिसून राह्यला. तवा बी असेच झाल्ते." ती माझ्या त्रेचाळीस वर्षांच्या मनगटाकडे बघत होती आणि तिला सात वर्षांचं मनगट दिसत होतं. त्या दिवसापासून भाकरी सुलोचना थापू लागली. माय रुसून दोन दिवस ओसरीवर बसली.

पौषात जिनाच्या लोकांचे रोडगे झाले. शेतात गोवऱ्यांचा जाळ, त्यात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून तुपात बुडवायचे, वर वांग्याची भाजी अशी तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी. एरवी मी सहा खात असे, आणि सहावा खाताना माझ्याभोवती बघ्यांचं कडं होई. यंदाही कडं झालं. मी एक घेतला. अगदी हळू खाल्ला. कड्याचा खरपूसपणा, आतला मऊ वाफाळता भाग, राखेचा किंचित वास, तुपाची धार करंगळीवरून मनगटाकडे निघालेली. मला असं वाटलं की रोडगा मी आयुष्यात पहिल्यांदाच खातो आहे. आधीचे सगळे नुसते मोजले होते. तानबा म्हणाला, "दोन म्हन ना बे!" मी म्हटलं, "लाभ झाला, बास." आणि पत्रावळ गुंडाळली. लोक निराश झाले. तमाशा बुडाला होता. पण त्यांच्या मधून उठताना हात टेकावा लागला नाही, हे फक्त मला माहीत होतं. त्या गुरुवारी काट्यावर दोन मण एक शेर भरले. तानबानं दोनदा बघितलं. मग त्यानं गुडघ्यावर हात फिरवत हळूच विचारलं, "चालल्यानं गुडघा बी सुटते का गा?" आणि दुसऱ्या दिवसापासून रुळाकाठी आम्ही दोघं झालो, एक उतरायला आणि एक सुटायला.

फाल्गुनापर्यंत धोतराचा एक वळसा जास्त बसू लागला. सदरे सुलोचनानं आत घेतले, कापून निघालेले तुकडे जपून ठेवले. म्हणाली, भरवसा नाई तुमचा. दवाखान्याचे जिने मी न थांबता चढलो आणि डॉक्टरांनी नळी लावून नुसती मान हलवली. मला खूप आनंद झाला. माणसाला आपलं अंग परत मिळावं, आणि तेही आपल्याच हातून, यासारखं सुख नाही. फक्त माय. तिथी जवळ येऊ लागली तशी ती नवस पुढं ढकलायची कारणं शोधू लागली. यंदा ऊन फार आहे. खडकीचा रस्ता खराब आहे. यंदाचा गूळ काळा आहे, देवाला कसा चालेल? मी पिवळाधमक गूळ आणला. पाच-पाच शेरांच्या सोळा भेल्या. माझी घट गृहीत धरून मागवल्या होत्या. तिनं एकेक भेली हुंगली, एकेक ठोकून बघितली, आणि एकीतही खोट निघाली नाही तेव्हा तिचे डोळे भरले. मला वाटलं, म्हातारीला आनंद झाला असेल. कापसातला ओलावा मी दहा हातांवरून ओळखतो, पण घरातला नाही.

हनुमान जयंतीला आम्ही बैलगाडीनं खडकीला गेलो. पिंपळाच्या फांदीला तानबानं जिनाचाच काटा टांगला होता. अख्खं गाव जमलेलं. पोरं मुंजाच्या पारावर चढलेली. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोलणारा माणूस स्वतः माल होऊन बसतो तेव्हा त्याला कळतं की पारड्यातून जग किती वेगळं दिसतं. सगळे वरून बघतात. मी मांडी घातली. तानबानं भेली उचलून आरोळी दिली, "लाभ हाये लाभ!" लोकांनी 'बजरंगबली की जय' म्हटलं. दोन. तीन. दहाव्या भेलीला माझ्या बहिणीनं ओवाळलं. चौदा. पंधरावी पडली आणि माझं पारडं सुटलं, डुललं, पायांखालून चैत्रातली गरम हवा गेली. पंचाहत्तर शेर आणि वर थोडं. एक मण पस्तीस, छत्तीस. दिवाळीपासून बारा शेर! गाव ओरडलं. मला बाप आठवला, मिशीत हसणारा, असाच हवेत. आणि मी नकळत गर्दीत कुणाला तरी हात केला.

शेवटचा गूळ नवस करणारीनं आपल्या हातानं ठेवायचा असतो. तानबानं सोळावी भेली फोडून शेरभर गुळाची दोन ढेकळं मायच्या ओंजळीत दिली. माय पुढं आली. तिनं ओंजळ पारड्यात टेकवली, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि हात पदराआड घेऊन मागं सरली. मी वर काट्याकडे बघितलं. जीभ मधोमध नव्हती. माझ्याकडे झुकलेली होती, दोन तीळ, फार तर तीन. गूळ कमी होता. अर्धा शेर. मायच्या पदराला एक फुगवटा होता आणि ती काकुळतीनं माझ्याकडे बघत होती. तानबाला उन्हात नीट दिसेना. त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, "चंद्रभान, बोल गा. भरलं का?" आर्वीच्या बाजारात माझा शब्द म्हणजे शिक्का. एवढ्याशा फरकासाठी मी उतरवलेल्या गाड्या पुन्हा चढवायला लावल्या आहेत, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

"भरलं," मी म्हणालो. "काटा बराबर हाये."

गूळ वाटला, जेवणं झाली, उन्हं कलल्यावर आम्ही परत निघालो. सुलोचना पुढं तानबाशी आणि त्याच्या गुडघ्याशी बोलत बसली होती. मागं मी आणि माय. वाळू लागली तशी बैलं सावकाश झाली. मी हात पुढं केला. तिनं पदराची गाठ सोडून ढेकूळ माझ्या तळहातावर ठेवलं. अर्धा शेर, वर एखादा तोळा.

"नवस अधुरा राह्यला ना, माय."

"मुद्दाम ठेवला," ती म्हणाली. "छत्तीस साल काऊन नाई फेडला, वाटते तुले? गूळ मयंगा होता मनून? तुया बापाचा तुया आजीनं पुरा फेडला. तीळभर बाकी नाई ठेवली. दोन सालात गेला तो. देवाचं काई बाकीच नव्हतं त्याच्यापाशी, कायले ठेवते त्याले?" तिनं ढेकूळ माझ्या हातून परत घेतलं, पुन्हा पदरात बांधलं, गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "तुयं मी सारं नाई देत."

छत्तीस वर्षं ती हे एकटीनं तोलून धरत होती, आणि मी समजत होतो की म्हातारी विसरभोळी आहे. वाळूवर बैलांचे खूर वाजत नव्हते. मी हसायचा प्रयत्न केला आणि म्हणालो, "आणि मारोती बाकी मांगाले आला त?"

"येईन ना. येईनच," माय म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं, अंगठा आणि मधलं बोट जुळतं का ते बघितलं. ते अजून पुष्कळ लांब होतं. तिला ते पसंत पडलेलं दिसलं. "तो येईन तवा तू घरी पायजे. मनून उद्या झुंजूमुंजू उठजो, अन् चालाले जाजो."